डाव्या दाराचा आरसा

५ जाने., सोम. नांदेड
सकाळी लातूरहून सुनंदाचा फोन. लेक माझी, पण बोलणं हेडबाईचं. "बाबा, डावीकडं आरसा बसवा, न्हाईतर गाडी त्या देगलूरवाल्याला देऊन टाका. वरातीसाठी कवापासून मागून राहिलाय." दिवाळीत मोंढ्याच्या वळणावर डाव्या अंगाचा सायकलवाला मला दिसलाच नाही, तेव्हापासून हे चालू. त्याला खरचटलं तेवढंच.

कचेरीच्या हर्राशीत, लिलावात घेतली तेव्हापासून या अँबॅसिडरला डावा आरसा नाहीच. गरज पडली नाही. तिथं कमल, सुनंदाची आई, बसायची.

२५ला तिला जाऊन वर्ष होईल. कार्यक्रम लातूरला, सु.कडे. मला याच गाडीनं जायचं आहे, स्वतः चालवत. सु.ची अट: आरसा लावून या, मी शेजारी बसून बघते, मग गाडी ठेवायची की द्यायची ते ठरवू.

७ जाने.
गाडी हबीबमियाँकडे. तीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. उजव्या आरशाचा पारा कडेनं उडालेला, क्रोमला फोड आलेत, मान ढिली. चालता चालता आरसा जमिनीकडं बघायला लागतो, म्हणून मी आगपेटीचा तुकडा खोचलेला. हबीब: "साब, ये आईना है के तवा?" हसला. मग आरशावरून अंगठा फिरवला. "भाभी बैठते थे तो आईने का क्या काम था, बोलो."

ठरलं ते असं: उजव्याची काच नवी, क्रोम नवं, मान कसून. डावीकडं जोडीचा दुसरा, फुगीर काचेचा.

गाडीतला पुढचा कप्पा रिकामा केला. क.ची सुपारीची डबी. निलगिरी तेलाची बाटली. शिवणानं मान भरून येते म्हणायची, प्रवासातही लागायचीच. बाटली परत ठेवली.

१० जाने.
गाडी नाही तर अंगण केवढं मोठं दिसतंय.

शाळेच्या पुस्तकातल्या कविता आम्हा दोघांनाही पाठ. लोहा गाव मागं पडलं की ती सुरू करायची, वर्गातल्याच चालीवर. वळण आलं की कडव्याच्या मधेच थांबायची, मागं बघायची, "या" म्हणायची, आणि तुटल्या शब्दापासून पुढं. आज अंघोळ करताना एक म्हणून बघितली. मी पण त्याच त्याच जागी थांबतो. कविता वळणांसकट पाठ झाली आहे.

१३ जाने.
आज भोक. क.च्या दारात.

हबीब म्हणाला, जरा पुढं घेऊ, तिरक्या काचेपाशी. मी ऐकलं नाही. उजवीकडं जिथं, डावीकडंही तिथंच, जोड दिसली पाहिजे. सूत लावून मोजलं, खडूनं फुली मारली. "बैठ के देख लेव साब." हँडलमागं बसलो. त्यानं बाहेरून आरसा धरला. मागचा रस्ता, चहाचा गाडा, सगळं लख्ख. पाड म्हणालो.

ड्रिलचा आवाज सुरू झाला तसा मी गाड्यावर जाऊन उभा राहिलो. चहा घेतला नाही.

१९ जाने.
दोन्ही आरसे बसले. उन्हात बघवत नाही इतके चमकतात. गाडी पुन्हा तरुण दिसते. माझं काही झालं नाही.

मुद्दाम मोंढ्याच्या त्याच वळणावर गेलो. डावीकडून सायकलवाला. दिसला! थांबलो. तो गेला. मग मी.

आनंदात परत येऊन हबीबला म्हटलं, चल, चक्कर मारू. तो शेजारी बसला आणि आरसा गेला. त्याचा खांदा दिसतो, दाढी दिसते, आरसा नाही. त्यालाही उमगलं. बराच वेळ दाढी खाजवत बसला. "अपन खाली सीट का नाप लिये ना साब."

मोजताना तिथं कुणी बसेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पुढं दुसरं भोक मारतो म्हणतोय. नक्को म्हणालो. आज तरी. सु.ला सांगितलं नाही.

२४ जाने. लातूर
एकटा आलो. अहमदपूरला थांबलो. बाकी नीट. अगदी नीट.

सु. गाडीभोवती फिरली. "छान दिसायलेत की आरसे! चला, मारा एक चक्कर." बसली. क.च्याच जागी, तशीच पदर सावरून. पहिल्याच डाव्या वळणाला मी थांबलो. मागून हॉर्न.
"काय झालं? आरसा हाय ना?"
सांगितलं.
"म्हंजे एकटे असलात तरच दिसतंय."
हाव, तसंच, म्हणालो.
"आन् हे तुम्हाला ठाऊक होतं."
गाडी घराकडं फिरवायला लावली. उजव्या आरशात सगळा रस्ता स्वच्छ दिसत होता.

२५ जाने., रवि.
बुद्धवंदना झाली. फोटोला पांढरी फुलं. माणसं आली, जेवली, गेली. तीन-चार जण गाडीपाशी उभे राहून आरशांत भांग नीट करून गेले. क. हसली असती.

२६ जाने.
झेंडावंदन आटोपून सु. शाळेतून आली ती थेट गाडीपाशी. "किल्ली द्या. तुम्ही तिकडं बसा."

तिची गाडी नव्या धर्तीची. इथं गिअर हँडलच्या दांडीवर. करकरला. "मेलं, ह्याला काय रुसायला झालं!" ती हसली, मीही.

एवढ्या वर्षांत त्या जागी मी पहिल्यांदा बसलो.

डावं वळण आलं. सु. थांबली. तिचा आरसा माझ्या आड. मी मान मागं वळवली. नुसत्या मानेनं भागत नाही, खांदा न्यावा लागतो, कंबर न्यावी लागते, आणि तसंच धरून राहावं लागतं. ऑटो गेला. दुचाकी गेली. मग म्हणालो, ये.

अशी सात-आठ वळणं. घरी येईपर्यंत मान धरली.

क. शिवणानं दुखते म्हणायची. मशीन तर सु.च्या लग्नाआधीच देऊन टाकली होती आपण. निलगिरीची बाटली मात्र पुढंही दर दोन-तीन महिन्यांनी नवी आणायचो. मीच आणायचो.

सु. विचारते, हबीबचाचांना काय सांगू, पुढं भोक पाडायचं का? देगलूरवाल्याचेही दोन फोन येऊन गेले. उद्या सांगतो म्हणालो, दोघांनाही.

कप्प्यातून बाटली काढली. तळाशी थोडं आहे.