कवच नेमकं कधी गेलं

३ मार्च

सरांनी आजही भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "मला एका दुपारी मिळाला. तुला पाच वर्षं लागतात?" फोटो माझ्याच नळीतल्या जंतूंचा, माझ्या तिसऱ्या वर्षात सरांनी काढलेला. जंतूच्या अंगभर प्रथिनाच्या फरशीचं कवच, एकसारखी भोकं — अन्न आत, शत्रू बाहेर. लाखो रेणू, कुणी हुकूम न देता ओळीत बसतात! आमच्या विभागात चार माणसं बैठकीला वेळेवर बसत नाहीत.

महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. माझा स्वतःचा फोटो हवाच, नाहीतर पदवी विसरा. मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्राची तारीख मिळाली एकदाची — नऊ.

६ मार्च

प्रयोगशाळेचे मामा म्हणाले, "ताई, फ्रीझरमधले मूळचे काढा की." छे! ही नळी पाच वर्षं मी जिवंत ठेवलीय. दर दोन दिवसांनी ताजं अन्न, कोमट ऊब. जावयाचेसुद्धा इतके लाड होत नाहीत.

९ मार्च

जंतू गुळगुळीत. फरशीचा तुकडा नाही! यंत्रवाल्याशी कडाकडा भांडले. "यंत्र ठणठणीत आहे, बाई. तुमचे जंतूच उघडे आहेत."

१० मार्च

रडले. दिवसभर.

११ मार्च

पुस्तकात सापडलं. शत्रू नाही, उपासमार नाही, मग कवच विणायची उठाठेव कोण करेल? कवच टाकलेले भराभर वाढतात, बाकीचे मागे पडतात. म्हणजे मीच लाडावून ठेवले! सगळी मोजमापं उघड्या जंतूंची.

सर: "विभागाला माफीचं पत्र लिही. चूक संपूर्ण तुझी." आहेच. फ्रीझर असताना अक्कल गहाण ठेवली मी.

१४ मार्च

आई फोनवर: "जंतूंनी कपडे काढले म्हणून तुझी डिग्री अडवतात होय?" हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

शेवटी मामांचं ऐकलं. नळीतले थोडे जंतू दर सहा महिन्यांनी गोठवून ठेवायचा नियम, तेवढा मात्र मी पाळला होता. सगळ्या कुप्या काढून यंत्रवाल्याकडे नेल्या. कवच कधी गेलं एवढं तरी कळेल.

२० मार्च

पहिलं वर्ष — फरशी, झकास! दीड वर्ष — विरळ ठिगळं. दुसरं वर्ष संपताना साफ उघडे. तिथून पुढे एकाही कुपीत कवच नाही.

२१ मार्च

सरांचा फोटो तिसऱ्या वर्षातला. माझ्याच नळीतला, असं त्यांनी शोधनिबंधात छापलंय. आणि जुने कवचवाले फक्त फ्रीझरमध्ये, त्याची एकुलती किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्याकडे.

विभागाला पत्र लिहिलं. माफीचं नाही.