फुआतिनोचा उजवा अंगठा

तालिताताईस,

धाकट्या फुआतिनोचा नमस्कार. तिकडे ऑकलंडात थंडी पडली असेल, गुडघे सांभाळ. इकडे सामोआत देवाच्या दयेने सगळे खुशाल आहेत, माझा उजवा अंगठा सोडून. तो तू घालवलास. डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

फोन तू पाठवलास. खानदानाचा ग्रुपही तूच काढलास. रोज पहाटे सिडनीचे काका प्रार्थना टाकतात, मग त्रेचाळीस नातेवाईक 'आमेन' म्हणतात. तुम्ही शहरातली माणसं नुसता हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळी होता. मी गावातली, मला प्रत्येक मानकऱ्याला त्याच्या पूर्ण पदवीसकट, मानाच्या क्रमाने उत्तर द्यावं लागतं. (मागे होनोलुलूच्या मामांच्या आधी धाकट्या मामांना लिहिलं, तर पाच महिने अबोला.) एकाच अंगठ्याने! शेवटी पाणी भरलेली किटली उचलवेना.

दवाखान्यात गेले, तर नर्सने अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट खाली वाकवलं. मी अशी किंचाळले की अंगणातली डुकरं पळाली.

"दिवसभर या हाताने करता काय?" ती म्हणाली.

"चटई विणते."

तिने माझाच फोन माझ्यापुढे धरला. काल सहा तास अकरा मिनिटं. फितूर मेला.

आता खरा संताप ऐक. आईने सुरू केलेली ती बारीक चटई, तुझ्या लेकीच्या, लुसियाच्या लग्नात द्यायची, तिची केवड्याची पाती अंगठ्याने दाबल्याशिवाय बसत नाहीत. विणकामघरात म्हातारी सेमाऊ दर गुरुवारी तपासणी करते. तिने माझी बाजू उजेडाकडे धरली आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "काय गं, आईने चटई विणली आणि तू मासे धरायचं जाळं?" आईची वीण आणि माझी वीण शेजारी पाहून मला रडू आलं. मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला.

तुझी संतापलेली,
फुआतिनो

ता. क. नर्सने सहा आठवडे हात बांधून ठेवलाय आणि लग्न आठव्या आठवड्यात आहे. वीतभर चटई उरली आहे. आईने शिकवलं होतं दोघींना. विमानाने ये आणि माझ्या जागेवर बस. फोन तिकडेच ठेवून ये.

ता. क. दुसरं. मला ग्रुपमध्ये परत घे. सोडून नऊ दिवस झाले, त्रेचाळीसांपैकी एकानेही विचारलं नाही की फुआतिनो कुठे गेली. तूही नाही.