बिघडेल त्याची यादी

४ मार्च, मंगळवार
रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक बारा तारखेला. नापास होणार! गेल्या वर्षी थेंब जास्त पडून द्रावणाचा रंग गडद झाला आणि मी परीक्षा अर्धवट टाकून बाहेर आले. आईला फोनवर सांगितलं — या वेळीही गेलं तर कॉलेज बंद, तुझ्या शिलाईच्या दुकानात बसते. "बरं, ये," म्हणाली. एवढ्या पटकन?

६ मार्च
होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण मला रडूबाई म्हणते. स्वतः पुस्तकाला हात लावत नाही, वर "होतंय गं सगळं!" आज तिनेच ओढत कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे नेलं. वाटलं, आता 'मन चिंती ते वैरी न चिंती' ऐकावं लागणार. पण बाई म्हणाल्या, "काय काय बिघडेल ते लिहून काढ. त्यात तुझा हातखंडा आहे."

बसल्या बैठकीत एकवीस गोष्टी! बाईंना हसू आवरेना. "आता प्रत्येकीसमोर लिही — मग मी काय करेन."

तिथे पेन अडलं. बिघडल्यावर पुढे काय, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

९ मार्च
सात ओळी भरल्या. ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची नळी, गळली — प्रयोगशाळेतल्या काकांकडून दुसरी मागायची. हात थरथरले — दोन मिनिटं बसायचं. रंग गडद झाला — फ्लास्क धुवायचा, पुन्हा सुरुवात.

एवढंच? एवढ्यासाठी मी वर्ष घालवलं! स्वतःचाच राग आला.

१० मार्च
ढीगभर अभ्यास बाकी. तरी दोन्ही वेळा जेवले.

१२ मार्च
झालं तेच! पहिल्याच फेरीत थेंब जास्त पडला, द्रावण गडद गुलाबी. पाय दाराकडे वळलेच होते. कशीबशी मागे फिरले, फ्लास्क धुतला, पुन्हा ब्युरेट भरली. तिसरं मोजमाप राहिलं. तोंडी परीक्षेत तर नुसतं ततपप. पण घंटा होईपर्यंत जागा सोडली नाही!

सामान आवरताना काका म्हणाले, "या वेळी थांबलीस की, पोरी." इतकं बरं वाटलं!

२८ मार्च
नापास. दोन गुणांनी. दुपारभर रडले, मग आईला फोन केला. "मग कधी येतेस?"

म्हटलं, सुट्टीला. मेमध्ये फेरपरीक्षा आहे — ती देऊन येते.