गाडी थांबवण्याचा हक्क

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय एकाहत्तर, धंदा मोटार मेकॅनिक, सध्या काम बंद, राहणार स्वतःच्याच घरात, आज राजीखुशीने, कुणी दम किंवा आमिष दाखवलेलं नसताना आणि पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. 'शुद्धीवर' हा शब्द सगळेच लिहितात. माझ्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागला, कारण मला हळूहळू विसर पडत जाण्याचा आजार झाला आहे आणि तो बरा होणारा नाही. डॉक्टरबाईंनी माझ्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, उलटे आकडे म्हणून घेतले, आणि म्हणाल्या, "काका, आज तुमचं डोकं साफ आहे. काय लिहायचं ते उरकून घ्या." म्हणून उरकतो आहे.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं पत्नीच्या नावे होतं, आणि ती माझ्याआधी गेली.

कलम एक. घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या एकुलत्या एक मुलीला. शेडमध्ये गाडीखाली उतरायचा जो खड्डा आहे, त्यावरची डावीकडची फळी कुजली आहे. तिच्यावर पाय देऊ नये. बदलीन बदलीन म्हणता राहून गेलं.

कलम दोन. बँकेत जे काही उरेल ते मुलीचं. माझ्या आजाराची तऱ्हा पाहता फार उरेल असं वाटत नाही. माझ्यामागे सभा, फोटो, भाषणं नकोत. माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलायचे होते त्यांना मी जिवंत असताना पुष्कळ सवड होती.

कलम तीन. माझी पत्नी दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी बसून होतो, त्या दिवसांत माझ्या धाकट्या भावाने शेडमध्ये शिरून गाडीच्या डॅशबोर्डवरचं मूळ घड्याळ काढून नेलं आणि विकलं. विचारल्यावर म्हणाला, "दादा, ते बंदच होतं की रे." बंद पडलेलं सगळं विकायचं असेल तर आता मलाही बाजारात मांडायला हरकत नाही. त्या घड्याळाच्या काचेभोवतीची पितळी कडी तेवढी माझ्याकडे राहिली आहे. ती त्याला द्यावी, बाकी काही देऊ नये. त्याने कुरकुर केली तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम चार. पाने, पुलर आणि दोन्ही जॅक कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या बाईला. ती माझा जॅक उसना नेते आणि पुसून परत आणते. हत्यार पुसून परत करणारं दुसरं माणूस मी अख्ख्या हयातीत पाहिलं नाही. सोल्डरिंगची इस्त्री मात्र मुलीला. का, ते पुढे येईल.

कलम पाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मित्र, ज्याला सगळे रंगारी म्हणतात, त्याने करावी. गाडीचा रंग त्याने मारला आहे. त्याला कंप्रेसर द्यायचा माझा विचार होता, पण वकील म्हणाले साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. तेव्हा त्याला विचारलं, साक्षीदार होतोस की कंप्रेसर घेतोस? तो म्हणाला, "सहीच करतो बाबा. तुझा कंप्रेसर तसाही गळतो." तेव्हा कंप्रेसर भंगारात घालावा.

कलम सहा. गाडी.

गाडी माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठी आहे. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या गोदामात ती मला मिळाली, तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता आणि तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. भंगारवाला तिला वजनावर तोलायला निघाला होता. ती मी घरी आणली आणि लोकांच्या गाड्या दुरुस्त करून उरलेल्या वेळात उभी करत गेलो. सीटचं चामडं पत्नीने घरच्या मशीनवर शिवलं. सुया मोडल्या, आणि दर सुईला तिने माझा उद्धार केला. "एवढी माझी सेवा केली असतीस तर मीही चकाकले असते," असं ती म्हणायची. गाडी पहिल्यांदा धड लांबवर धावली ती तिला दवाखान्यात नेताना. तिला दाखल करून गाडी शेडमध्ये परत आणली तेव्हा मागची सीट रिकामी होती, आणि पुढेही रिकामीच राहिली.

मग मुलगी माझ्याकडे राहायला आली. गाड्यांची इलेक्ट्रॉनिक सर्किटं बनवणाऱ्या कंपनीत ती नोकरीला आहे. मी गप्प गप्प राहतो हे पाहून एक दिवस म्हणाली, "बाबा, हिला जरा या शतकात आणू या का?" मी आधी ओरडलो, मग अटी घातल्या. पत्र्याला एकही नवं भोक पडणार नाही. आतलं काही बाहेरून दिसणार नाही. आणि प्रत्येक वायर माझ्या पद्धतीने, मेणाच्या दोऱ्याने, बोटाबोटाच्या अंतरावर गाठ मारून बांधायची. प्लॅस्टिकच्या पट्ट्या माझ्या गाडीत नकोत. त्या उन्हाने तडकतात आणि वायर कापतात. ती हसली. म्हणाली, "मान्य आहे, उस्ताद."

ते दिवस चांगले गेले. सहा व्होल्टची गाडी आम्ही बारा व्होल्टवर नेली. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुन्या दिव्यांच्या काचेआड नवे दिवे आले. मागचं दिसायला कॅमेरा नंबरप्लेटच्या वर लपवला, आणि भावाने केलेल्या भोकात घड्याळाऐवजी छोटा पडदा बसला. ती वायर ओढायची, मी गाठी मारायचो. गाठ सैल पडली की ती कापून पुन्हा मारायला लावायची, म्हणजे माझीच शिकवण माझ्यावर उलटवायची. पत्नी गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं ते त्या शेडमध्ये.

त्यानंतर आजार कळला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता गाडी चालवणं बंद करा ना." मी म्हटलं, मी मेलो की किल्ली घे. आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मग ती त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

थोड्या दिवसांनी गाडी बंद पडू लागली. सिग्नलला उभी राहिली की मरायची आणि काही केल्या चालू व्हायची नाही. ढकलून, ओढून घरी आणायची, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पहिल्याच किल्लीला शहाण्यासारखी सुरू व्हायची. मी पहिला संशय अर्थातच मुलीच्या सर्किटवर घेतला. तिने मीटर लावून दाखवलं, ते ठणठणीत होतं. म्हणजे चूक माझी. मी कार्ब्युरेटर उघडला. कॉइल बदलली. टाकी उतरवून धुतली. कार्ब्युरेटर पुन्हा उघडला. आयुष्यभर डोळे मिटून जोडलेली वस्तू मी आता आरशासमोर ठेवल्यासारखी उलटसुलट करून बघत होतो, आणि मनात एकच होतं, की डोक्यापाठोपाठ हातही गेले. डोकं जाणार हे मी कसंबसं पचवलं होतं. हात जातील असं कुणी सांगितलं नव्हतं. मी शेडमध्ये तोंड भिंतीकडे करून रडलो आहे, हे इथे लिहून ठेवतो. मुलगी त्या सगळ्या वेळी माझ्याशेजारी हातात दिवा धरून उभी होती.

शेवटी कॉइलला जाणारी वायर मी टेस्ट लॅम्प घेऊन पुढून मागे तपासत गेलो, आणि डॅशबोर्डच्या मागे, जिथे फक्त बोटं पोचतात, तिथे माझ्या बोटांना प्लॅस्टिकची पट्टी लागली. माझ्या गाडीत प्लॅस्टिकची पट्टी! तिच्याखाली काड्यापेटीएवढी एक काळी पेटी होती, आत मोबाइलचं सिमकार्ड. गाडी कुठे आहे ते मुलीच्या फोनवर दिसायचं. गाडी उभी राहिली की तिने फोनवर बटण दाबायचं आणि कॉइलचा करंट तुटून इंजिन बंद पडायचं.

मी पेटी कापून काढली आणि स्वयंपाकघरात तिच्या ताटाशेजारी ठेवली.

ती म्हणाली, "चालत्या गाडीत नाही तुटत, बाबा. उभी असतानाच. मी तेवढं बघितलं होतं."

"मला कार्ब्युरेटर उघडू दिलास."

तिने पेटी ताटापासून बाजूला सरकवली.

"दिवा धरून उभी राहिलीस आणि मला कार्ब्युरेटर उघडू दिलास. दोनदा."

"तुम्ही तेव्हा बरे असायचात," ती म्हणाली. "गाडी उघडली की तुम्ही अगदी पहिल्यासारखं बोलायचात. एकही शब्द अडायचा नाही. आईबद्दल सांगायचात. मला वाटलं, अजून एकदा बंद पडली तर बिघडलं कुठे."

मी ताट उचलून मोरीत आदळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन बाहेर पडलो. पेटीशिवाय. गाडी झकास चालली. मी कामावर निघालो होतो. आता लिहिताना मला माहीत आहे की मी पूर्वी नोकरी करायचो ते गॅरेज केव्हाच पाडलं आणि तिथे कपड्यांचं मोठं दुकान झालं. तेव्हा माहीत नव्हतं. मी दुकानाच्या फाटकासमोर हॉर्न वाजवत राहिलो आणि फाटक उघडायला उशीर करतो म्हणून रखवालदाराला शिव्या दिल्या. तो खुर्चीवरून उठून माझ्याकडे आला. "आजोबा, कुठे जायचंय तुम्हाला?" असं त्याने विचारलं, अगदी नीट विचारलं. गाडी पुढे सरकत होती, आणि ब्रेक कुठल्या पायाखाली असतो ते मला आठवेना. मी जे सापडलं ते दाबलं. गाडीने त्याची खुर्ची भिंतीला चेपून तिचा चुरा केला. तो खिडकीशी आला नसता तर खुर्चीत असता.

मुलीने माझ्या खिशात ठेवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहून त्याने तिला बोलावलं. ती आली तेव्हा मी त्याला सांगत होतो की हिला मी ओळखत नाही. हे मला ती म्हणाली म्हणून माहीत आहे.

कलम सात. ती पेटी मी स्वतः परत बसवली आहे. मुलीने वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळला होता, तसं काम माझ्या गाडीत चालत नाही. मी जोड सोल्डर केले, वर आवरणाची नळी चढवली आणि मेणाच्या दोऱ्याने गाठी मारल्या. ते काम दीड दिवस चाललं. हात गेलेले नाहीत, एवढं त्यातून कळलं. मुलीला शेडमध्ये बोलावून इंजिन चालू केलं आणि म्हटलं, "दाब." तिने दाबलं. इंजिन थांबलं. ती माझ्या खांद्याला डोकं लावून रडली, आणि मी इंजिन ऐकत बसलो होतो त्या जागीच बसून राहिलो.

गाडी तिची. विकावी वाटली तर विकावी. मेलेल्या माणसाने शेडमध्ये जागा अडवून ठेवू नये. तिने मला माझ्या हातांवर संशय घ्यायला लावला, याचा राग मात्र मी सोडलेला नाही. तो मी कुणाच्याही वाटणीला देत नाही. तो माझ्यापाशीच राहील आणि बहुधा माझ्याआधीच संपेल.

कलम आठ. वकील म्हणतात हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलू लागतं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, मी दोन टप्प्यांत जाणार आहे. पहिल्या टप्प्याचं कुठे लिहू?" त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "लिहा."

तर लिहितो. गाडी थांबवण्याचा हक्क आजपासून माझ्या मुलीचा. पुढे घराचं दार बाहेरून लावायची वेळ आली, मला दुसरीकडे नेऊन ठेवायची वेळ आली, तर तो हक्कही तिचाच. "कधी दाबायचं हे मला कसं कळेल, बाबा?" असं तिने विचारलं होतं. तुला कळेल. मला कळणार नाही.

त्या दिवशी मी काय करीन याचा मला अंदाज आहे, कारण डॉक्टरबाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर माझ्या पुढच्या टप्प्यावरची माणसं बसलेली असतात. मी तिला चोर म्हणेन. घर लुबाडायला आली म्हणेन. तिच्या आईचं नाव घेऊन नाही नाही ते बोलेन, कदाचित हातही उगारेन. शेजारी ऐकतील, आणि माझा भाऊ तर कान लावून ऐकेल. कदाचित त्याला हाताशी धरून मी नवा कागदही करीन आणि त्यात तिचं नाव नसेल.

म्हणून आज, डोकं साफ असताना, जाहीर करतो की यानंतर मी तोंडी किंवा लेखी, शांतपणे किंवा ओरडून, तिच्याविरुद्ध जे काही म्हणेन ते माझं म्हणणं नव्हे आणि ते रद्द समजावं. कायदा हे मानेल की नाही मला ठाऊक नाही. मुलीने मानावं. पोरी, तू जे बटण दाबशील ते मी दाबलं असं धर.

वरचा सगळा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

स्थळ: राहतं घर, मागची शेड.
दिनांक: सोबतच्या दाखल्यावर आहे तोच.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार पहिला: रंगारी. शाळेपासूनचा मित्र. यांनी माझ्यासमोर सही केली. त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार दुसरी: उपचार करणारी डॉक्टर. सही करण्याआधी यांनी मला ओळखलं, वार बरोबर सांगितला, आणि मुलीला पाणी आणायला हाक मारली ती तिच्याच नावाने.