धुक्याच्या राजाची पहिली राणी

३ ऑक्टोबर

नाही! नाही, नाही, नाही! धुक्याच्या राजाचं आधी एक लग्न झालेलं होतं!

कादंबरीचे पाच जाडजूड भाग मी या माणसावर जीव टाकला. माणूस कसला, परीलोकातला राजा — टोकदार कान, आणि तोंडातून खोटं म्हणून निघत नाही. आता ही बोटभर जाडीची पूर्वकथा सांगते, की मूळ गोष्टीच्या आधी त्याची एक राणी होती. दुकानात चष्म्याला काच बसवता बसवता वाचत होते. गिऱ्हाईक म्हणालं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" काय सांगू, कपाळ!

४ ऑक्टोबर

युवराजांना फोन. होणाऱ्या नवऱ्याला मी युवराज म्हणते. ते पाच भाग त्यांनीच तर दिले, लग्न ठरल्यापासून एकेक करून. "पूर्वकथा? ती कुणी दिली तुला?" म्हटलं, तुमच्या बहिणाबाईंनी. आवाज चढला त्यांचा — "नको वाचूस. मूळ गोष्टीची मजा जाते."

पुस्तकावरून कुणी एवढं चिडतं? वेडं कुठलं!

५ ऑक्टोबर

वाचन शून्य. आईने पाहुण्यांना फोन लावायचा सपाटा लावलाय.

७ ऑक्टोबर

राणी विचारते, माझ्या माहेरचं कुणीच कसं येत नाही? राजा म्हणतो, "धुक्यात वाट चुकले असतील." खोटं नाही! फक्त धुकं कुणी पाडलं, तेवढं सांगत नाही. मेला! या लोकांना खोटं बोलता येत नाही ना, म्हणून सोयीचं तेवढंच बोलतात. आणि मूळ भागांत मी त्या धुक्यालाच प्रेम समजत होते.

८ ऑक्टोबर

सकाळी संपवली. राणी मेली नाही — अनवाणी पळाली!

दुपारी होणारी नणंद दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झाली म्हणे. स्क्रू पिळता पिळता मी तणतणले, "असा नवरा? आधी सांगायला नको?" तिचे डोळे भरले. "म्हणून तर दिलं तुला. तोंडाने सांगायची हिंमत होईना. दादाचं आधी एक लग्न झालंय. वहिनीला एकटीला बाहेर पडू द्यायचा नाही. तिचा फोनसुद्धा स्वतःजवळ ठेवायचा. एक दिवस ती निघून गेली."

आणि मी खुळी, पुस्तकातल्या राजाला शिव्या घालत बसले होते! तिची दांडी तशीच राहिली.

९ ऑक्टोबर

त्याला विचारलं. का नाही सांगितलंस?

"तू कधी विचारलंस?"

फोन ठेवला. मोडलं लग्न. खूप रडले. पण मोडलं!

१० ऑक्टोबर

आईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत तिचे. "पहिल्या भेटीतच सांगितलं होतं त्यांनी आम्हाला," म्हणाली. "तुला कळलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस का?"