उतरलो म्हणा, मग लाईन सोडतो

बाबा, सकाळपासून मी मशीनपुढे नुसती बसून आहे, आणि त्याचं कारण ऐकून हसणार नाही असा माणूस मला तुमच्याशिवाय आठवत नाही. आई दोनदा येऊन गेली. "काहून वं, जेवत काहून नाई?" तिला काय सांगू, की एक बटण आहे आणि मला त्याचं भेव वाटतं?

तुम्ही गेलात तेव्हा घरात संगणक नव्हता, म्हणून आधी माझं काम सांगते. संगणक चालायला त्याच्या पोटात एक मूळ व्यवस्था लागते. आमची फुकट आहे, चारचौघांनी मिळून बांधलेली, आणि ज्याला जशी पाहिजे तशी जोडून घेता येते. शाळेला शाळेपुरती, दुकानाला दुकानापुरती. आतापर्यंत ती चढवायची म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसायचं. लोक बिचकायचे. म्हणून मी तिच्यासाठी सोपे पडदे बनवते आहे. भाषा निवडा, काय काय हवं ते निवडा, पुढे चला. रंग, चित्रं, बटणं, सगळं मजेचं काम. एक पडदा सोडून. तिथे यंत्र विचारतं, कोणत्या डिस्कवर चढवू? जी सांगाल ती आधी कोरी होते. तिच्यावरचं मग ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येत नाही.

गेल्या आठवड्यात ढाणकीहून फोन आला. तिथे एकाचा फोटो स्टुडिओ आहे. आमचं अर्धवट काम तो आपल्या जुन्या मशीनवर चालवून पाहतो आणि चुका कळवतो. "ताई, दोन डिस्का दाखवून राह्यलं. दोन्ही सारख्याच. वरची दाबू काय?" एक डिस्क रिकामी होती. दुसरीवर त्याच्या बापापासूनचे फोटो. लग्नं, बारशी, आणि कापसानं माणसं खाल्ली त्या वर्षांतले, भिंतीवर हार घालायला मोठे करून दिलेले चेहरे. कित्येक घरांत त्या माणसाचा दुसरा फोटोच नाही. आणि माझ्या पडद्यावर दोन ओळी, सारख्या मापाच्या, सारख्या रंगाच्या. तो पडदा मीच काढलेला, बाबा, आणि कोणती कोणती ते मलाच सांगता येईना. "बोला न ताई, गिऱ्हाईक उभं हाय. दाबू?" माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. "थांब. हात काढ आधी." त्याला फोटोंच्या डिस्कची वायर काढायला लावली आणि म्हटलं, आता काय दिसतं ते तुझ्या तोंडानं वाच. त्यानं वाचलं. वरचीच ओळ गेली होती, तो दाबणार होता ती. "बाप्पा! वाचलो न!" म्हणून तो हसत सुटला. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

तेव्हापासून दारव्ह्याजवळचं आपलं विजेचं सबस्टेशन डोळ्यांपुढून हलत नाही. मी लहान आहे, क्वार्टरमधून तुमचा डबा घेऊन येते आणि फाटकात माणसंच माणसं. कापसाची बोंडं भरायची वेळ, विहिरीला थोडं पाणी, पण लाईन नाही. "ओ ऑपरेटर, लाईन सोडा! झाडं सुकून राह्यली!" सगळी ओळखीची माणसं, एरवी तुमच्यासोबत चहा पिणारी. तुम्ही स्विचसमोर खुर्ची ओढून बसलेले. वायरमन काका तार जोडायला खांबावर चढले आहेत, आणि नेहमी खाली उतरल्यावर गावातून त्यांचा फोन येतो, "जयभीम दादा, उतरलो," तेव्हाच तुम्ही लाईन सोडता. त्या दिवशी तो फोन येत नाही. एक जण मोटारसायकलवरून येतो आणि आईची शपथ घेऊन सांगतो, "उतरला तो! म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यला." तुम्ही म्हणता, "त्याच्या तोंडून पाह्यजे." कुणीतरी खिडकीवर दगड मारतं. मी रडत म्हणते, "बाबा, सोडा न लाईन, मारतीन ते तुम्हाले." आणि तुम्ही, कधी आवाज न चढवणारे, माझ्यावर ओरडता, "चूप बस! तो वर असला तं?"

थोड्या वेळानं काका सायकल दामटत आले. त्या मोटारसायकलवाल्यानं खोटं सांगितलं नव्हतं. काका उतरले होते, पण उतरल्यावर पुढच्या शेतातल्यांनी गळ घातली, आमचीही तार पाहून द्या, आणि भिडेखातर ते दुसऱ्या खांबावर चढले होते. तुम्ही लाईन सोडली, माझ्या हातून डबा घेतला, आणि तो तुम्हाला उघडता येईना. झाकण मी काढून दिलं. तुम्ही म्हणालात, "भेव वाटते तं वाटू दे पोरी. ज्या दिवशी नाई वाटणार, त्या दिवशी मी इथं बसू नये."

मी पडदा नव्यानं बांधलाय, बाबा. आता डिस्कवर काय आहे ते दिसतं, चारदोन फोटोही दिसतात, आणि तिचं नाव आपल्या हातानं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोबतचे कुरकुरतात. "ताई, लोक कंटाळतील. एक बटण ठेवा न, तुम्ही उगाच भिता." शेवटचा शब्द माझा होता. मी पडदा ठेवला. आज बटण दाबून ही आवृत्ती सगळ्यांसाठी सोडायची आहे, आणि तरी धीर होत नाही. तुम्हाला एका माणसाचा फोन यायचा. मला कुणाचा येणार? ढाणकीवाल्यानं निदान विचारलं. जे न विचारता दाबतील, त्यांच्या घरातले चेहरे मला कधी कळणारही नाहीत.

हे पत्र कुठं धाडू? इथंच मशीनमध्ये राहील. एक मात्र सांगते, आईला सांगितलेलं नाही. सबस्टेशनचा जुना नंबर मला अजून पाठ आहे. मघाशी मी तो लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचं बोलणं चालू असतानाच मी हळूच विचारलं, "बाबा, सोडू का?"