गुरुवारचा धूर

सोमवार, ३ नोव्हेंबर

हवेचा अंदाज देणारं माझं मॉडेल म्हणतंय — गुरुवारी दुपारी धूर. उत्तरेकडे कापणी उरकून शेतं पेटवायला लागलेत आणि वारा आपल्या दिशेने फिरणार. त्यात थंडीमुळे हवेवर झाकण बसतं; आलेला धूर पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकतो.

साहेबांना दाखवलं. त्यांनी माझ्या मागच्या इशाऱ्याची आठवण काढली. तेव्हा शाळा बंद ठेवल्या आणि आकाश इतकं निळंभोर निघालं की लोक सहलीला गेले. तेव्हापासून ऑफिसात मी धूरबाई. या वेळी चुकलं तर माझं मॉडेल गुंडाळायचं आणि बाहेरून आणलेलं लावायचं. त्या बाहेरच्याच्या मते गुरुवारी हवा 'समाधानकारक' आहे. तरीही इशारा तुमचाच जाऊ दे, म्हणाले. उपकारच!

मंगळवार, ४

जेवताना घरी सांगितलं. नवरा म्हणाला, नक्की? या घरात हा प्रश्न फक्त मला विचारतात. सासऱ्यांनी माझी बाजू घेतली. गेल्या थंडीपासून त्यांची छाती नाजूक आहे; बाजू घेतानाच खोकल्याची उबळ आली. त्यांना बजावलं — गुरुवारी खिडक्या बंद, बाहेर पाऊल टाकायचं नाही. बरं सूनबाई, म्हणाले.

बुधवार, ५

इशारा गेला. वारा अजून फिरलेला नाही. आकाश निर्लज्जासारखं स्वच्छ! लोकांच्या छातीत धूर जावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय. लाज वाटते. पण यावा.

गुरुवार, ६

सकाळी लख्ख ऊन. साहेब माझ्या टेबलाजवळून गेले, खिडकीतून आकाश बघून परतले. बाहेरच्या मॉडेलचा माणूस शीळ घालत होता. मला डबा उघडवेना.

दुपारी सासऱ्यांचा फोन. "आला गं, आला! समोरची टाकी दिसेनाशी झाली!" मी खुर्चीतून उठलेच. मागोमाग यंत्रांचे आकडे आले — मॉडेलने सांगितले होते तेच! साहेबांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. माझं मॉडेल राहतंय. शीळ बंद. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

शुक्रवार, ७

हॉस्पिटल. सासऱ्यांना ऑक्सिजन लावलाय. काल सकाळपासून गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, इशारा ऐकला नव्हता का? मास्क बाजूला करून म्हणाले, "आमच्या सुनेचाच होता. खरा ठरला की तिला लगेच कळवायचं होतं."